टेपचं दुसरं टोक

होळी, वसई
९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. विनया हिला तुळशीदासमामाचे अनेक आशीर्वाद.

तुला फोन केला की तुझा पीए उचलतो आणि 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत' म्हणतो. चार वेळा केला, चारही वेळा तू मीटिंगमध्येच. पाचव्यांदा म्हणालो, "अहो, मी त्यांचा मामा." तर म्हणतो, "काका, सकाळपासून तुम्ही सातवे मामा." म्हणून हे पत्र. पोस्टाच्या पेटीला अजून पीए नाही. तूही उत्तर पत्रानेच दे, म्हणजे माझ्याकडे तुझी सही राहील.

नगरसेविका झालीस, फार आनंद झाला. तुझं पत्रक घेऊन मी होळीतल्या एकेका वाडीत गेलो. "गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहत असली तरी आमच्या बावखलाच्या पाण्यावर वाढलेली भाची आहे," असं सांगत दोन चपला झिजवल्या. आता खुर्चीवर बसलीस, तर एक गोष्ट ध्यानात ठेव. या एवढ्याशा तळ्यातून केळीच्या पाच वाड्यांना पाणी जातं. पाळी लावायचं काम मी एकवीस वर्षं केलं आणि एकवीस वर्षांत माझी वाडी एकदाही पहिली भिजली नाही. जो पाळी लावतो त्याची वाडी शेवटी, हा आपला रिवाज. एप्रिल-मेमध्ये माझ्या वाट्याला पाण्याऐवजी गाळ यायचा, तुझी मामी तोंडाचा पट्टा सोडायची, पण तुळशीदासने पाणी खाल्लं असं कोणी म्हणू शकलं नाही. तूही तसंच कर. नातंगोतं उंबऱ्याबाहेर ठेव.

आता एक लोकांचं काम. शेजारच्या बॅप्टिस्टने बावखलाकडे जाणाऱ्या वाटेवर पत्र्याची शेड ठोकली आहे. आत त्याची रिक्षा असते आणि नाताळचा गोठा वर्षभर तिथेच असतो. वाट निम्मी झाली. मला स्वतःला काही त्रास नाही, मी अंग चोरून जातो. पण कायदा म्हणजे कायदा. लेखी तक्रार सोबत जोडली आहे. त्यात माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, कारण रोज तोंड पाहायचं असतं.

आमच्या विपुलचं जूचंद्रच्या हेमालीशी ठरलं, हे तुला माहीत आहेच. मे महिन्यात बार उडवायचा. त्यासाठी पंपघराची थोडी डागडुजी चालली आहे.

विपुल हे पत्र आणि सुकेळीचा पुडा देऊन जाईल. राजेळी केळी यंदा बरी आली. मामीने आठ दिवस उन्हात राबून सुकवली आहेत. पोटभर खा.

तुझा,
तुळशीदासमामा


गोखिवरे
१६ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं की रमेशलाही मोठ्याने वाचून दाखवलं. सध्या घरात लोकांची इतकी वर्दळ असते की रमेशने गॅलरी बंद करून आयुषच्या अभ्यासासाठी जी छोटी खोली केली आहे, तिथे दार लावून लिहितेय. घरात शांतता उरली आहे ती एवढ्या या खोलीतच.

पाळीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकली, पण तिचा उपयोग आता कळतो आहे. रोज पंचवीस-तीस माणसं येतात. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "ताई, तुम्ही नियमाने चालणार म्हणून तुम्हाला मत दिलं." आणि दुसरं: "आता माझं एवढं नियम सोडून करा." परवा एक गृहस्थ आले. त्यांना लाउडस्पीकरच्या त्रासाबद्दल तक्रार द्यायची होती आणि मुलीच्या हळदीला रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरची परवानगीही हवी होती. दोन्ही अर्ज एकाच कागदाच्या दोन बाजूंना लिहिले होते.

तुमची तक्रार मी दिली. नाव घातलं नाही, 'एका जागरूक ज्येष्ठ नागरिकाची तक्रार' एवढंच लिहिलं. पण एकट्या बॅप्टिस्टकाकांच्या मागे लागले असं दिसायला नको, म्हणून महासभेत मागणी केली की बावखलापासून सुरुवात करून अख्ख्या प्रभागातली विनापरवाना बांधकामं मोजा. कोणाचाही मुलाहिजा ठेवू नका. सगळ्यांनी बाकं वाजवली. मला तेव्हा फार अभिमान वाटला आणि तुमची आठवण झाली.

आता रागावू नका. सुकेळीचा पुडा विपुलबरोबरच परत पाठवतेय. निवडणुकीत मी शब्द दिला होता की पदावर असेपर्यंत कोणाकडूनही काही घेणार नाही. ती सभा तुमच्याच ओटीवर झाली होती आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तुम्ही वाजवल्या होत्या. मी एक वही केली आहे. तीत 'परत केलेल्या भेटवस्तू, क्रमांक ३' म्हणून नोंद आहे. पावती सोबत आहे.

मामीला माझ्या वतीने समजवा.

तुमची,
विनया


होळी
२ मार्च २०२६

चि. विनया,

पावती मिळाली. भाचीकडून पावती घेणारा वसईतला मी पहिला मामा असेन. मामीने ती देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे खोचून ठेवली आहे. कोणी आलं की काढून दाखवते. सुकेळी शिंक्यात टांगली आहे, ती काही लवकर खराब होत नाही.

असो. काम मात्र तू झटपट केलंस. गेल्या मंगळवारी मोजणीची माणसं आली. दोघंच होते, त्यातला एक ऊन लागून मेटाकुटीला आलेला. सरकारी माणसांना सहकार्य करावं म्हणून मी त्यांना चहा पाजला आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. बॅप्टिस्टची शेड मोजली, तेव्हा तो पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मग टेप घेऊन ते आपल्या पंपघराकडे वळले. मला वाटलं, तुलनेसाठी मोजत असतील. मी टोक धरून राहिलो. वर चढताना साहेबांचा तोल जात होता, तर हात दिला. गॅलरीचं माप त्यांच्याकडून चार इंच कमी लागत होतं, ते मीच दुरुस्त करून दिलं. आपलं काम कसं चोख असावं. जाताना साहेब म्हणाले, "काका, तुमच्यासारखा नागरिक या प्रभागात भेटला नाही."

तुला कळावं म्हणून लिहितो. पंपघरावर मी दोन खोल्या चढवल्या आहेत आणि पुढे छोटी गॅलरी. परवानगीचं नंतर पाहू, असं ठरलं होतं. तुझ्या कानावर घालायचं राहून गेलं. ते मोजमापाचं काय ते तू बघून घेशीलच.

तुझा,
मामा


गोखिवरे
१० मार्च २०२६

ती. मामा,

पंपघरावर दोन खोल्या? तुम्ही डागडुजी म्हणाला होतात!

आज यादी माझ्या टेबलावर आली. प्रभागात दोनशे चौदा विनापरवाना बांधकामं आहेत. चार मजली इमारती आहेत, गोदामं आहेत, एक मंगल कार्यालय आहे. आणि पहिल्या क्रमांकावर आहे: 'मौजे होळी, पंपघरावरील दोन खोल्या व गॅलरी'. मी विचारलं, चार मजली इमारत सोडून हे पहिलं कसं? उत्तर मिळालं की बाकी ठिकाणी लोकांनी कुत्री सोडली, कुलपं लावली, त्यामुळे मापं अंदाजे आहेत. कोर्टात टिकेल असं अचूक माप एकट्या पहिल्या क्रमांकाचंच आहे. मालकाने स्वतः टेप धरली होती.

मामा, मला हसू आलं आणि मग रडू आलं. परवानगी आता मिळेल का, तेही विचारलं. बावखलाच्या काठाला इतक्या जवळ मिळत नाही.

सभागृहातले एक ज्येष्ठ सदस्य आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. यादी पाहून ते जवळ आले आणि म्हणाले, "पहिल्या क्रमांकाची फेरतपासणी लावू. फेरतपासणीत गेलेला कागद माझ्या तीस वर्षांत परत आलेला नाही." त्यासाठी मी फक्त एक फोन करायचा आहे.

मी अजून केलेला नाही. आईनंतर तुमच्याइतकं जवळचं मला कोणी नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. पाळी मी लावायची आहे. काय करू?

विनया


होळी
१४ मार्च २०२६

विनया,

काय करू म्हणून विचारतेस? फोन कर.

पाण्याचा रिवाज वेगळा आणि पंपघर वेगळं. पाण्याला मी शेवटी थांबलो, कारण उशिरा का होईना पाणी यायचं. पाडलेली खोली उशिरा परत येत नाही. आणि दोनशे चौदा माणसांनी बांधलं, त्यात आपण काय जगावेगळं केलं? गावात सगळे उघडे असताना एकट्यानेच धोतर नेसायचं, हे तुला कोणी शिकवलं? मी शिकवलं म्हणशील. शिकवलं, पण ते लोकांशी वागण्याबद्दल होतं.

हेमालीच्या वडिलांनी बैठकीत सगळ्यांदेखत सांगितलं आहे की मुलीला स्वतंत्र खोली दिसली तरच लग्न. पोराचं ठरलेलं लग्न मोडलं तर होळीत मी कोणत्या तोंडाने फिरू? तुझी मामी काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "तिला सांगा, पानी शेवटी आलं तरी मी चालवून घेतलं. पन सून शेवटी आलेली नाय चालायची."

तुझे बाबा गेले तेव्हा तू अकरावीत होतीस. तुझं कन्यादान मी केलं. तेव्हा कुठल्या वहीत नोंद केली नव्हती, की पावती मागितली नव्हती. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. खोडत नाही.

एक फोन. एवढंच मागतो.

मामा


गोखिवरे
२८ मार्च २०२६

ती. मामा,

दोन आठवडे पत्र लिहिलं नाही, कारण लाज वाटत होती. मी फोन केला होता.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी केला. मी नुसतं "भाऊ, त्या यादीबद्दल..." इतकंच म्हणाले, तर ते म्हणाले, "समजलं ताई, झालं समजा." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पहिला क्रमांक निघाला. मला इतकं हलकं वाटलं की रात्री आयुषला आइस्क्रीम खायला नेलं.

पाचव्या दिवशी भाऊ घरी आले. हातात एक ठराव होता. होळीच्या बावखलाचं सुशोभीकरण. नीट वाचलं तर निम्मं बावखल भराव टाकून बुजवायचं, वर ओपन जिम, बाकं, सेल्फी पॉइंट. भरावावरून मागच्या एका मोठ्या प्रकल्पाला रस्ता मिळतो, हे नकाशा उलटा धरल्यावर कळलं. कागदोपत्री बावखल सरकारी पडीक जागा आहे, पाच वाड्यांचं नाव त्यात कुठेही नाही. भाऊ म्हणाले, "स्थानिक नगरसेविका म्हणून ठराव तुम्ही मांडायचा." मी म्हणाले, हे मला जमणार नाही. त्यावर ते जराही चिडले नाहीत. म्हणाले, "तुमचं काम करताना मी विचारलं होतं का, जमेल की नाही?"

मामा, एका खोलीच्या बदल्यात त्यांना आपलं बावखल हवं आहे. आणि दार मीच उघडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लेखी पत्र देऊन पहिला क्रमांक परत यादीत घालायला लावला. क्लार्कने तीनदा विचारलं, "मॅडम, काढायचा ना?" मी म्हटलं, घालायचा. असा अर्ज त्यांच्याकडे कधी आला नव्हता, त्यामुळे त्याला कुठला शिक्का मारायचा यावर अर्धा तास गेला.

पाणी वाटायचं असेल तर पाळी लावणाऱ्याची वाडी शेवटी, हे तुम्ही शिकवलंत. पण पाडायचं असेल तर त्याच्या घरचं पहिलं, असंच ना? मला दुसरा अर्थ लागत नाही.

कारवाई ९ एप्रिलला सकाळी आहे. त्याच दिवशी अकराला महासभा आहे आणि बावखलाचा ठराव दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने येतो आहे. मला तिथे असावं लागेल. खरं तर तुमच्यासमोर उभं राहून शिव्या खायला हव्या होत्या.

हेमालीच्या घरी काय सांगायचं, ते मला कळत नाही. मामीच्या पाया पडते.

विनया


होळी
२० एप्रिल २०२६

चि. विनया हिला मामाचे आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी उत्तर देणार नव्हतो. मामीलाही तुझं नाव काढायची बंदी केली होती. ती बंदी तिने तासभर पाळली.

तुझी महासभा चालू होती तेव्हा इथे काय झालं, ते विपुलच्या व्हिडिओत तू पाहिलंस. पण त्याने उशिरा सुरू केला. आधीचं मी सांगतो.

नऊ वाजता जेसीबी आला, मागे पोलीस, मागे अर्धी होळी. मी ओटीवर पाठ फिरवून बसलो होतो. जेसीबी वाटेच्या तोंडाशी आला आणि थांबला. आत येईना. बॅप्टिस्टची शेड आडवी, आणि आजचा आदेश फक्त पहिल्या क्रमांकाचा! मागे घेतला, तिरका घातला, पुन्हा मागे घेतला. माझ्या तक्रारीतली शेड, विनया. तिने माझं पंपघर वाचवलं. लोक पोट धरधरून हसत होते. बॅप्टिस्ट नाताळच्या गोठ्याशेजारी उभा राहून मला म्हणाला, "तुळशीदास, माझ्यावर आनखी एक अर्ज कर."

साहेबांनी कागद काढला आणि लिहिलं, 'रस्त्याअभावी कारवाई अशक्य'. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काका, ताईंना सांगा, आमच्याकडून पुरेपूर प्रयत्न झाला. हे नाटक ताईंनी छान बसवलं." आणि डोळा मारला.

तो डोळा मला लागला. मागे पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे तेच म्हणत होते. कोणी रागावलं नव्हतं गं, उलट कौतुकच होतं. 'पोरगी हुशार निघाली, वरून कायदा दाखवला आणि मामाला वाचवलं.' तू अकरा वाजता उठून बावखलासाठी बोलणार, आणि भाऊ नुसतं म्हणणार, मामाची गॅलरी शाबूत आहे ना? मग तुझं कोण ऐकणार होतं? माझी एकवीस वर्षं मला आठवली. तू नाव घालवलं नव्हतंस, ते मी घालवत होतो.

मी आत गेलो, पहार घेतली आणि वर चढलो. पहिला घाव गॅलरीवर घातला. मामी ओरडली, "अवो, जेवून तरी पाडा!" थोड्या वेळाने खालून धाप टाकत बॅप्टिस्ट घण घेऊन वर आला. मी म्हटलं, तुझं इथे काय काम? तो म्हणाला, "तू माझ्या शेडीला टेप धरली, मी तुझ्या भिंतीला घण धरतो. फिटंफाट." दोघं मिळून साडेअकरापर्यंत दोन्ही खोल्या खाली आणल्या. त्या भरात पंपघराचा स्लॅबही गेला.

विपुल सांगत होता की तो व्हिडिओ सभागृहात सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला, तेव्हा तू बोलत होतीस आणि भाऊ खाली मान घालून मोबाइल बघत बसले होते. ठराव तहकूब झाला. तहकूब म्हणजे मेलेला नाही, हे मला कळतं. पण या उन्हाळ्यात तरी पाणी आहे.

बाकी दोनशे तेरा बांधकामांना दुसऱ्याच दिवशी वरून स्थगिती आली. म्हणजे तुझ्या अख्ख्या प्रभागात एकच बांधकाम पडलं, तेही मालकाने पाडलं. पेपरात मथळा होता: 'नगरसेविकेच्या मामाचे बांधकाम जमीनदोस्त'. होळी नाक्यावर आता बोलतात की आपल्यात जमिनीचा वाद आहे आणि तू मला धडा शिकवलास. खरं सांगायला गेलो तर माझ्याकडे दयेने बघतात.

हेमालीचं सांगायचं राहिलं. तिचे वडील तावातावाने आले, ती बरोबर होती. त्यांचं सगळं बोलून झाल्यावर पोरगी म्हणाली, "त्या पंपाच्या डोक्यावर राहायचं का, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी आणि विपुलने जूचंद्रला भाड्याची जागा बघून ठेवली आहे, मला स्टेशन जवळ पडतं." तिच्यासाठी मी दोन खोल्या चढवल्या, तिच्यासाठी तिचे वडील हटून बसले, आणि तिला विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. लग्न १७ मेला, ठरल्याप्रमाणे.

पंपाची मोटार सध्या बॅप्टिस्टच्या शेडमध्ये ठेवली आहे. शेड विनापरवाना आहे, पण मोटारीला ऊन लागत नाही.

सुकेळीचा तोच पुडा परत पाठवतो. तू माझं घर यादीत घातलंस, हे सगळ्या वसईने वाचलं. आता याला लाच कोण म्हणेल? मुकाट्याने ठेवून घे. मामी म्हणते, पुन्हा पावती आली तर ती स्वतः गोखिवऱ्याला येईल.

तुझा,
मामा


गोखिवरे
२६ एप्रिल २०२६

ती. मामा आणि मामीस सा. न.

सुकेळी मिळाली, ठेवून घेतली. वहीत नोंद करावीच लागली. 'स्वीकारलेल्या भेटवस्तू, क्रमांक १'. पुढच्या रकान्यात 'देणाऱ्याचे काय काम होते' असं लिहायचं असतं. तिथे लिहिलं, 'झाले नाही'. मग दार लावून एकटीने चार खाल्ली आणि खूप रडले. सभागृहात मी ताठ उभी होते, ते फक्त तुमच्यामुळे. तुम्ही पहार उचलली नसती तर मी बोलू शकले नसते.

स्थगिती उठवावी म्हणून अर्ज दिला आहे. भाऊ आता मला लांबूनच नमस्कार करतात. परवा दालनात सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "ताई, मामांचं झालं. आता स्वतःचं काय?" मला वाटलं, टोमणा मारायचा म्हणून मारला. हसून सोडून दिलं.

आज तुम्हाला लिहायला इथे येऊन बसले, आयुषच्या खोलीत. सुकेळीचा पुडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि भाऊंचा प्रश्न आठवून जागच्या जागी थांबले. रमेशला हाक मारून आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा काढायला लावला. मामा, या खोलीच्या जागी नकाशात उघडी गॅलरी आहे. सहा बाय नऊ. यादी माझ्या प्रभागाची होती, गोखिवरे तिच्यात येत नाही, म्हणून हिला कोणी टेप लावली नाही. पाळीबद्दलची तुम्हाला लिहिलेली सगळी पत्रं मी याच खोलीत बसून लिहिली.

रमेशने नकाशाची घडी घातली. मग म्हणाला, सगळ्या इमारतीने बंद केल्या आहेत, आपण काय जगावेगळं केलं? तुमचंच वाक्य, शब्दही बदलला नाही. आयुषने मात्र विचारलं की मामाआजोबा येणार आहेत का, त्याला टेपचं टोक धरायचं आहे.

तेव्हा पहार धुऊन ठेवली असेल तर विपुलबरोबर पाठवून द्या. येत्या रविवारी सकाळी लागेल. बॅप्टिस्टकाकांना वेळ असला तर घणही.

तुमची,
विनया